खारा वारा आणि जुन्या बुलेटचा क्लच

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर जुनी बुलेट अद्याप दिसते. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड येथील बाजारपेठांत आजोबांनी खेडोपाडीच्या वसुलीसाठी घेतलेली गाडी पडवीत किंवा गोदामाच्या कोपऱ्यात उभी असते. १९५५ मध्ये मद्रास येथे इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांतून या गाडीची जुळणी सुरू झाली. उजव्या पायाशी गिअर आणि डाव्या पायाशी ब्रेक असलेली ती जुनी बुलेट आता घरातील तरुण मंडळी हौसेने पुन्हा रस्त्यावर आणू लागली आहेत. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यामुळे मुंबईत राहणाऱ्या कुटुंबांनाही गाडी घेऊन गावी येणे सोपे झाले आहे.

अशी गाडी बाहेर काढली की पहिली तक्रार बहुधा क्लचची येते, आणि पहिला सल्ला मिळतो तो 'पूर्ण क्लच असेंब्ली बदला' असा. हा सल्ला पुष्कळदा अनाठायी असतो. खर्च तर होतोच, शिवाय मूळचे चांगले भाग भंगारात जातात आणि त्यांच्या जागी बसविलेले नवे भाग तितक्याच नेटकेपणाने बसतील याची शाश्वती नसते. किनाऱ्यावरील गाडीचा दोष क्लचच्या प्लेटांत असण्यापूर्वी तो क्लचच्या वायरमध्ये शोधावा, हे ध्यानात ठेवले तर बराच खर्च वाचतो.

त्यासाठी रचना थोडी समजून घ्यावी. क्लच गाडीच्या डाव्या अंगाला, प्रायमरी चेनच्या कव्हरमध्ये तेलात असतो. त्यात घर्षणाच्या व पोलादी प्लेटा आलटून पालटून रचलेल्या असतात व स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. हँडलवरील लिव्हर ओढली की वायर गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूची यंत्रणा हलविते. तेथून गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून जाणारा पुशरॉड डावीकडील प्रेशर प्लेटला बाहेर लोटतो व प्लेटा मोकळ्या होतात. म्हणजे हात, वायर, पुशरॉड आणि शेवटी प्लेटा अशी ही साखळी आहे. तपासणीही याच क्रमाने करावी.

दोष दोन प्रकारचे असतात. पहिला, क्लच घसरणे. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने ओढत नाही. काशीदच्या चढावर हे लगेच जाणवते. या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाकडे जातो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये किक मारताना ती सहज खाली जाऊन इंजिन फिरलेच नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. दुसरा दोष, क्लच पूर्ण न सुटणे. लिव्हर ओढूनही गाडी पुढे सरकू पाहते, गिअर टाकताना खडखडाट होतो, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. आगरदांड्याच्या जेट्टीवर, उतारावर, बोटीत चढणाऱ्या गाड्यांच्या रांगेत हा दोष केवळ त्रासदायक राहत नाही. तो धोक्याचा ठरतो.

आता वायरकडे वळू. खाऱ्या हवेने वायरच्या आतील तारा गंजतात आणि आवरणात अडकू लागतात. लिव्हर सोडली तरी अशी वायर पूर्णपणे परत जात नाही. पुशरॉड किंचित दाबलेलाच राहतो, प्लेटा घट्ट बसत नाहीत, त्या घसरून तापतात व झिजतात. म्हणजे दोष वायरचा, पण लक्षण झिजलेल्या प्लेटांचे! अशा वेळी नव्या प्लेटा घातल्या तरी काही दिवसांत त्यांचीही तीच गत होते. म्हणून लिव्हरच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल आहे ना, हे प्रथम पाहावे. लिव्हर सोडल्यावर ती झटकन परतली पाहिजे. वायर काढून उभी टांगावी व वरच्या टोकाला कागदाचे नरसाळे करून थेंब थेंब तेल सोडावे. टोकाच्या गोळीजवळ एखादी जरी तार तुटलेली दिसली तरी वायर बदलावी. नवी वायर नेताना तिला कोठे तीव्र वळण पडू देऊ नये.

चाल याउलट फार मोकळी असेल, तर क्लच सुटत नाही. वायरच्या ॲडजस्टरवर भागले नाही, तर गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरील लहान झाकण उघडावे. आतील स्क्रू व चेकनट यांनी पुशरॉडची चाल नीट करता येते.

त्यानंतर तेल पाहावे. चेन कव्हरमधील तेल लेव्हल स्क्रूपर्यंतच असावे. मोटारींसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती प्लेटांना मानवत नाहीत व क्लच घसरतो.

इतके करूनही दोष राहिला तरच कव्हर उघडावे. प्लेटा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून वाकल्या आहेत का ते पाहावे. क्लच हाउसिंगच्या खाचांत प्लेटांच्या दात्यांनी खड्डे पाडले असतील, तर प्लेटा तेथे अडकतात. ते खड्डे बारीक कानशीने हलकेच सपाट करावेत. प्लेटा खरोखरच झिजल्या वा जळल्या असतील, तर मात्र त्या बदलाव्यात. स्प्रिंगांचे स्क्रू सारखे आवळले नाहीत, तर प्रेशर प्लेट तिरकी उचलते आणि सर्व श्रम वाया जातात.

पावसाळ्यातील काळजी वेगळी. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहिली की प्लेटा एकमेकींना चिकटतात. गाडी सुरू करण्यापूर्वी इग्निशन बंद ठेवून, लिव्हर ओढून, चार-पाच वेळा किक सावकाश दाबावी, प्लेटा सुटतात. पावसाळ्यातही पंधरवड्यातून एकदा हे करण्याची सवय घरातील कोणाला तरी लावावी. रस्त्यात वायर तुटलीच, तर इंजिन बंद करावे आणि गाडी ढकलत कडेला न्यावी. क्लचविना गिअर टाकत घरी पोहोचण्याचे धाडस करू नये.

काढलेले मूळ भाग मेकॅनिककडे सोडून न देता घरी आणून, तेल लावून, चिठ्ठीसह जपून ठेवावेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही हेही त्यात स्पष्ट आहे. नोंदणी करावयाची असो वा नसो, गाडीसोबत एक छोटी वही ठेवावी व वायर, तेल, प्लेटा केव्हा बदलल्या हे तारखेनिशी लिहावे. पुढच्या पिढीने कव्हर उघडले, तर शोध कोठून सुरू करायचा हे त्या वहीवरून कळेल.