विश्लेषण : लॅपटॉपचा पंखा का घरघरतो? दुरुस्तीला देण्याआधी ‘या’ गोष्टी तपासा...

व्हिडिओ कॉल सुरू होताच लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा आवाज करतो, खालची बाजू मांडीवर ठेववत नाही इतकी तापते. अशा वेळी अनेक जण थेट नवा पंखा बसवून घेतात. मात्र बऱ्याचदा पंखा बिघडलेला नसतोच. अडकलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी त्याची धडपड सुरू असते. त्यामुळे खर्च करण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे, हे पाहायला हवे.

लॅपटॉप थंड कसा राहतो?

प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. त्यावर टेकलेली तांब्याची नळी, म्हणजे हीट पाइप, उष्णता कडेच्या बारीक पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेते. पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. यातली एक कडी जरी कमकुवत झाली, तरी पंख्याला वेग वाढवावा लागतो. अनेक प्रोसेसरची तापमानमर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तापलेला लॅपटॉप संथ होतो तो यामुळेच. तापमान त्याहूनही वाढले तर लॅपटॉप अचानक बंद पडतो आणि सेव्ह न केलेले काम जाते.

आवाज कोणता आहे?

‘सूं’ असा सलग वाऱ्याचा आवाज म्हणजे पंखा ठीक आहे, पण त्याच्यावर ताण आहे. खरखर, टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, लॅपटॉप किंचित तिरका केल्यावर तो बदलत असेल, तर पंख्याचे बेअरिंग झिजलेले असू शकते किंवा पात्याला काही तरी अडत असावे.

बाहेर पडणारी हवा काय सांगते?

पंखा जोरात फिरत असताना हवा बाहेर पडते तिथे हात धरा.

- हवा भरपूर आणि गरम : यंत्रणा काम करते आहे, प्रोसेसरवरचा भार जास्त आहे.
- हवा अगदी कमी : जाळीत धूळ अडकली असण्याची शक्यता जास्त.
- लॅपटॉप तापलेला, पण हवा थंडच : उष्णता जाळीपर्यंत पोहोचत नाही. थर्मल पेस्ट सुकली असावी किंवा हीट पाइप नीट टेकलेली नसावी.

घरी काय करता येईल?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मॅकमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर पाहा. कोणते अ‍ॅप प्रोसेसर सर्वाधिक वापरते, हे लगेच कळते. ब्राउझरमध्ये उघडे राहिलेले डझनभर टॅब हे नेहमीचे कारण. मोठ्या अपडेटनंतर काही काळ पंखा जोरात फिरणे स्वाभाविक असते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील पॉवर मोड कमी वीज वापरणाऱ्या पर्यायावर ठेवल्यासही फरक पडतो.

गादी, उशी किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवल्यास हवा आत घेण्याची छिद्रे बंद होतात. तो टेबलावर ठेवा आणि छिद्रे झाकणार नाहीत अशा बेताने मागची बाजू थोडी उचला. अनेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा दुपारी पंखा जास्त फिरणारच. मात्र लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या हवेत ओलावा असतो.

कुठे चुका होतात?

बाहेरून फुंकर मारल्याने जाळीवर बसलेला धुळीचा थर निघत नाही, तो आतच सरकतो. त्यासाठी मागचे झाकण उघडावे लागते. वॉरंटी सुरू असेल तर ते काम अधिकृत सेवा केंद्राकडेच द्या. स्वतः साफ करणार असाल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, शक्य असल्यास बॅटरीची जोडणी सोडवा आणि हवा मारताना पंख्याची पाती धरून ठेवा. झोताने ती बेफाम फिरली तर बेअरिंग खराब होऊ शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, स्थिर विजेने सर्किटला धोका असतो. झिजलेल्या पंख्यात शिलाई मशीनचे तेल सोडल्यास आवाज थोडे दिवस थांबतो, पण तेलावर धूळ चिकटते. असा पंखा बदलणेच योग्य. आवाज नको म्हणून सॉफ्टवेअरने पंख्याचा वेग कमी करणे तर सर्वात धोक्याचे.

तातडीने कधी थांबावे?

टचपॅड वर आला असेल, खालचे झाकण फुगले असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग लगेच थांबवा, फुगलेला भाग दाबू नका आणि लॅपटॉप तज्ज्ञाला दाखवा.

दुरुस्तीला देताना आधी डेटाचा बॅकअप घ्या. केवळ ‘आवाज येतो’ असे न सांगता आवाज कसा आहे, कधी येतो आणि हवा किती बाहेर पडते, हेही सांगा. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्यावर काम भागत असेल, तर नव्या पंख्याचे पैसे वाचतील.