तालुक्यात थांबणारे पार्सल

सातपुड्यातील अक्राणी तालुक्यात एकेक गाव अनेक पाड्यांत विखुरलेले आहे. अशा पाड्यावरील शेतकऱ्याने पंपाचा सुटा भाग मागविला, तर खासगी कुरिअरची मजल बहुधा तालुक्याच्या ठिकाणापर्यंतच जाते. पुढे ‘येऊन घेऊन जा’ असा निरोप येतो. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी हाही वाहतुकीचाच खर्च होय. तो कंपनीच्या हिशेबात दिसत नाही, इतकेच.

यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. शहरातील एकाच इमारतीत दहा पार्सले देता येतात. डोंगरात एकासाठी दहा किलोमीटर जावे लागते. शिवाय १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड हा टपाल कचेरीचा क्रमांक आहे, घराचा नव्हे. एका पिनखाली कित्येक गावे येतात.

देशातील दीड लाखांहून अधिक टपाल कचेऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. परंतु तेथील ग्रामीण डाकसेवक नियमित सरकारी नोकर मानला जात नाही. त्याला चार-पाच तासांच्या कामाचा भत्ता मिळतो. त्याच्यावर जड पार्सलांचा भार टाकावयाचा, तर त्या प्रमाणात मोबदला व वाहन द्यावयास हवे. शहरातील किफायतशीर पार्सले खासगी कंपन्यांनी उचलावीत आणि तोट्याचा डोंगर टपाल खात्याने एकट्याने चढावा, ही विभागणी न्याय्य नाही. दुर्गम वितरणाच्या खर्चात कंपन्यांनीही वाटा उचलला पाहिजे. अन्यथा ज्याला तो सर्वांत कमी परवडतो, त्याच्याच माथी तो राहील.