जुने ठेवावे की नवे घ्यावे?

भिलाईच्या नेहरू नगरातील एक मराठी घर आपण डोळ्यांपुढे आणू या. घर कल्पित आहे. परंतु त्यात उद्भवलेला प्रश्न आज कितीतरी घरांत खराखुरा उभा आहे. घरातील आजोबा पोलाद कारखान्यातील झोतभट्टीवरून, म्हणजे ब्लास्ट फर्नेसवरून, निवृत्त झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या दिवसांत त्यांचे वडील विदर्भातून येथे आले होते. वडिलांनी सांगितलेल्या आठवणी आजोबांनी संगणकावर मराठीत टंकून ठेवल्या आहेत. सूनबाई घरी बसून चार दुकानदारांचे हिशेब पाहतात. नातू अकरावीत शिकतो. घरात दोन यंत्रे आहेत: २०१६ मध्ये घेतलेला टेबलावरचा संगणक आणि २०२० मध्ये घेतलेला लॅपटॉप. दोहोंवरही विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे.

एके संध्याकाळी पडद्यावर सूचना झळकली की या प्रणालीचा आधार संपला आहे. नातू उत्साहाने म्हणाला, "आजोबा, आता नवा संगणकच घेऊ या!" सूनबाई काळजीने म्हणाल्या, "बाबा, माझे हिशेब चालू आहेत. आता काही बदलले आणि बिघडले, तर दुकानदारांना मी काय सांगू?" आजोबा म्हणाले, "यंत्र तर चालते आहे. मग बदलायचे कशासाठी?"

तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे, आणि थोडी चूकही आहे. ती कोठे आहे, हे पाहू.

आधार संपतो म्हणजे काय?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. कळफलक, पडदा, छपाईयंत्र, आपल्या फाइली आणि आपण वापरतो ते सारे कार्यक्रम यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम ती करते. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. पुढेही ते चालू राहतात. थांबली ती दुरुस्ती. इतक्या मोठ्या आज्ञावलीत उणिवा सापडतच राहतात, आणि निर्माते त्या वेळोवेळी बुजवून ती दुरुस्ती घरोघरी पाठवतात. हे पाठवणे बंद झाले की नव्याने सापडलेली प्रत्येक फट उघडीच राहते.

याचा परिणाम काय होतो, हे मे २०१७ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने सुमारे दीडशे देशांतील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही झळ पोहोचली. या फटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. तात्पर्य, दुरुस्ती मिळत असूनही ती न घेणे घातक ठरते. मग ती मिळणेच बंद झाल्यावर काय होईल, हे सांगणे नको.

आजोबांना ही गोष्ट चटकन पटली. झोतभट्टीच्या आतील विटांचे अस्तर दिसामाशी झिजत असते. बाहेरून भट्टी ठणठणीत दिसते, लोखंडही निघत असते. म्हणून कोणी ती फुटेपर्यंत चालवीत नाही. वेळ ठरवून ती थांबवतात आणि नवे अस्तर लावतात. "आणि हेही खरे," ते नातवाला म्हणाले, "की अस्तर झिजले म्हणून कोणी साऱ्या कारखान्याचीच मोडतोड करीत नाही."

यंत्र काय म्हणते?

प्रथम विचारावयाचे ते यंत्राला. विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे, आणि विंडोज १० ची अधिकृत प्रत असलेल्या पात्र संगणकावर ती विनामूल्य मिळते. परंतु तिच्या अटी आहेत: किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था. इंटेलचे प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा कार्यक्रम चालविला की आपले यंत्र पात्र आहे की नाही, ते कळते. कित्येकदा टीपीएमची सोय यंत्रात असते, मात्र ती बंद ठेवलेली असते. म्हणून पहिला नकार अखेरचा मानू नये.

आपल्या घरातील २०२० चा लॅपटॉप पात्र ठरला. २०१६ चा संगणक सहाव्या पिढीचा असल्याने अपात्र ठरला. काही दुकानांत अशा यंत्रावरही युक्तीने नवी प्रणाली बसवून देतात. पण अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या दुरुस्तीसाठी एवढा खटाटोप करावयाचा, तिचीच शाश्वती नसेल, तर त्या खटाटोपाचा उपयोग काय?

काम काय आहे?

दुसरा प्रश्न कामाचा. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात किंवा दुसऱ्यांचे हिशेब सांभाळले जातात, तो दुरुस्ती मिळणाऱ्या प्रणालीवरच असला पाहिजे. येथे सवलत नाही. सूनबाईंची भीती मात्र अनाठायी नव्हती. हिशेबाचा कार्यक्रम, छपाईयंत्र, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली, हयातीच्या दाखल्यासाठी बोटाचा ठसा घेणारे उपकरण, यांपैकी प्रत्येक वस्तू नव्या प्रणालीवर चालते की नाही, हे तिच्या निर्मात्याच्या सूचनांत आधी पाहून घ्यावे. विवरणपत्र भरण्याच्या आदल्या दिवशी बदल करू नये. कामाचा जोर ओसरल्यावरचा एखादा निवांत रविवार निवडावा.

ज्यांना लगेच बदल शक्य नव्हता, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती संगणकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्ती देण्याची सोय ठेवली. अशी मुदत म्हणजे निर्णय घेण्यासाठी मिळालेली उसंत होय. तिला निर्णय समजू नये.

अपात्र संगणकासाठी आणखी एक वाट आहे, ती मुक्त कार्यप्रणालीची. १९९१ मध्ये फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला; आज त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली विनामूल्य मिळतात, आणि त्यांतील हलक्या प्रणाली जुन्या यंत्रावरही चांगल्या चालतात. आपल्या देशात सी-डॅक या शासकीय संस्थेने 'बॉस' नावाची अशी प्रणाली सिद्ध केली आहे. केरळातील सरकारी शाळांत मुले अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच शिकत आली आहेत. लेखन, वाचन, अभ्यास आणि आंतरजाल यांसाठी ती पुरेशी आहे. परंतु केवळ विंडोजसाठी तयार झालेले हिशेबाचे कार्यक्रम तिच्यावर सरळ चालत नाहीत, हे आधीच ध्यानात घ्यावे.

कागदपत्रांचे काय?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक विसरतात. यंत्र पुन्हा विकत मिळते, प्रणालीही मिळते. आजोबांनी लिहून ठेवलेल्या आठवणी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी साऱ्या फाइलींच्या दोन प्रती कराव्यात, आणि त्यांतील एक तरी संगणकापासून वेगळ्या साधनावर ठेवावी. प्रत केली एवढ्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या यंत्रावर तीतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.

मराठी लेखनाची येथे एक खास अडचण आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी ज्यांनी निरनिराळ्या खासगी फॉन्टांत मजकूर टंकला, त्यांच्या फाइलींत देवनागरी अक्षरे नसतातच. इंग्रजी चिन्हांना देवनागरीचे रूप तेवढे दिलेले असते. तो विशिष्ट फॉन्ट नव्या यंत्रावर नसेल, तर वडिलांच्या आठवणींच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. आजोबांच्या पहिल्या साठ पानांची गत नेमकी अशी होती. जुने यंत्र चालू आहे तोवरच असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. जुना फॉन्टही जपून ठेवावा.

निर्णय

या घराने अखेर काय ठरविले? आधी आठवणींचे रूपांतर झाले. त्यासाठी आजोबा आणि नातू तीन संध्याकाळी शेजारी बसले. मग प्रती काढल्या. एका रविवारी लॅपटॉपवर विंडोज ११ बसविली. न जमल्यास दहा दिवसांच्या आत जुन्या प्रणालीकडे परतता येते, हे कळल्यावर सूनबाईंचा जीव भांड्यात पडला. हिशेब आणि बँकेचे व्यवहार लॅपटॉपकडे गेले. जुन्या संगणकावर नातवाने मुक्त प्रणाली बसविली. त्यावर त्याचा अभ्यास चालतो आणि आजोबांचे लेखनही. नव्या संगणकाचा खर्च पुढे ढकलला गेला.

तुमच्या घरचा निर्णय कदाचित निराळा होईल, आणि तसा तो व्हावाही. मात्र यंत्र, काम आणि कागदपत्रे हे तीन प्रश्न याच घरातील मंडळींनी बसून सोडवावेत. "तुमचा संगणक कालबाह्य झाला आहे, आम्ही दुरुस्त करून देतो," असा अनोळखी फोन आला, तर तो तत्काळ बंद करावा. फसवणुकीत पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

नवे म्हणून धावू नये आणि चालते आहे म्हणून बसून राहू नये. झोतभट्टीवर आयुष्य काढलेल्या आजोबांना हे शिकवावे लागले नाही. अस्तर कोठे झिजले आहे, तेवढे त्यांना कोणीतरी दाखवावे लागले.