गंगातलावाच्या काठी मिळालेला धडा

महाशिवरात्रीचे पुण्यपर्व आले की आता आमच्या डोळ्यांपुढे सागरापलीकडील एक सरोवर उभे राहते. गतवर्षी याच सुमारास आमच्या क्षेत्रीच्या एका विद्यालयाचे कलापथक लेझीम व गोंधळाचे कार्यक्रम करण्यास मॉरिशसला गेले होते. मुलांना देवस्थानांचे माहात्म्य सांगावे म्हणून चालकांनी आम्हांसही सोबत नेले. परदेशस्थ बांधवांसाठी आपण धर्माची शिदोरी घेऊन चाललो आहोत, असा सूक्ष्म अहंकार आमच्या मनी होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

बेटाच्या दक्षिण भागी, उंच पठारावर, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात हा गंगातलाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रियोले गावच्या पुजाऱ्यास या जलाचा दृष्टांत झाला व तेव्हापासून यात्रा सुरू झाली, अशी तेथील श्रद्धा आहे. १९७२ साली गोमुखाहून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले. प्रवेशस्थानी २००७ साली उभारलेली मंगल महादेवाची १०८ फूट उंच मूर्ती आहे. महाशिवरात्रीस सहस्रावधी भाविक सजविलेल्या कावडी खांद्यावर घेऊन, उसाच्या मळ्यांतील वाटांनी पायी येतात आणि तलावाचे जल नेऊन आपल्या गावच्या शिवलिंगावर अभिषेक करतात.

काठावर एक वृद्ध मराठी गृहस्थ कावड उतरवून शिवनामाचा जप करीत होते. उच्चार मोडके होते. आमची मुले हसू लागली. आम्ही पुढे होऊन त्यांस शुद्ध उच्चार सांगितला. त्यांनी हात जोडले व कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाले, "महाराज, पोथी नव्हती. आजोबांनी कानात सांगितलं, तेवढंच राखलं."

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाट पाहिला. १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार लाख मजूर भारतातून करारावर या बेटावर आले. त्यांतच आपले कोकणी शेतकरीही होते. मुलांनी घाटाच्या पायऱ्या मोजल्या. त्या सोळा भरल्या. एका मुलीने विचारले, "बुवा, ह्या पायऱ्या चढताना त्यांच्याजवळ काय असेल हो?"

आम्हांस उत्तर देववेना. उत्तर आदल्या दिवशी तलावाकाठी ऐकलेले होते, आणि आम्ही त्यातील व्याकरणाच्या चुका काढीत बसलो होतो!

त्या सायंकाळी तेथील एका मंदिरात मुलांचा कार्यक्रम होता. श्रोत्यांत ते वृद्ध गृहस्थ दिसले. आम्ही त्यांस व्यासपीठावर आणून विनविले, "बाबा, आज नाम आपण सांगावे, आम्ही मागून म्हणू." त्यांनी त्याच मोडक्या उच्चारांत नाम घेतले. मागून आम्ही म्हटले, मुलांनी म्हटले. या वेळी कोणी हसले नाही.

वाचकहो, चाळीस वर्षे आम्ही शुद्ध पाठाचा आग्रह धरीत आलो आणि पुढेही धरू. परंतु उद्या पिंडीवर जलधारा धरताना, ज्यांनी पोथीवाचून चार-पाच पिढ्या शिवनाम जतन केले, त्यांस मनोमन एक नमस्कार अवश्य करावा.