‘आमचं खातं बदललंय’ अशी मेल आली तर

आपल्यापैकी पुष्कळ गटांचं बिल आता ईमेलवर येतं. पिशव्या, बरण्या, लेबलं यांची ऑर्डर मोबाइलवर देतो आणि पैसे बँकेतून पाठवतो. सोयीचंच आहे. पण गेल्या वर्षी या सोयीनंच आम्हाला चौदा हजारांना बुडवलं.

आमचा गट उत्तनचा. सुका जवळा, बोंबील आणि मसाला पाकिटात भरून विकतो. दिवाळीआधी पाकिटं मागवली. बिल आलं आणि दोन दिवसांनी त्याच दुकानदाराच्या नावानं दुसरी मेल आली, ‘आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात पैसे भरा.’ बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर. आम्ही पैसे पाठवले. चौथ्या दिवशी दुकानदाराचा फोन, “ताई, पैसे कधी पाठवताय?”

मग मेलचा पत्ता चष्मा लावून वाचला. दुकानाच्या नावात इंग्रजी एम होता. खोट्या पत्त्यात त्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले होते. मोबाइलच्या बारीक अक्षरात ते दोन्ही मिळून एमच दिसतात.

ही युक्ती जुनी आहे. २०१५ साली ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं गुजरातमधल्या हजिराहून सौदी अरेबियाच्या आरामको कंपनीला नाफ्था पाठवला. पैसे येईनात. चौकशी केली तेव्हा कळलं की खातं बदलल्याची मेल आरामकोला गेली होती. पत्त्यात ‘ओएनजीसी’ऐवजी ‘ओजीएनसी’, म्हणजे दोन अक्षरांची फक्त अदलाबदल. सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात गेल्याची तक्रार मुंबई पोलिसांकडे नोंदली गेली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे शिकलेले लोक फसतात, हे ऐकून आमच्या खजिनदारताईंचं रडू थांबलं.

ईमेल पत्त्यात ॲट खुणेच्या पुढे जे असतं त्याला डोमेन म्हणतात. ते दुकानाच्या पाटीसारखं समजा. मिळतीजुळती पाटी कुणीही थोड्या पैशांत विकत घेऊ शकतो. मोबाइल तर नुसतं नाव दाखवतो, म्हणून नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडायचा आणि एकेक अक्षर वाचायचं. बिलाची रक्कम चोराला कशी कळली? बहुधा दुकानदाराच्या मेलमध्ये शिरून तो गुपचूप वाचत बसला असावा. तसं असेल तर कधी कधी मेल खऱ्या पत्त्यावरूनच येते आणि अक्षरं तपासूनही उपयोग होत नाही.

म्हणून खातं बदललं म्हटलं की फोन करायचाच. तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर. मेलला उत्तर देऊन विचारलंत तर ‘हो हो, बरोबर आहे’ असं चोरच कळवेल.

अजून एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. एनईएफटी किंवा आरटीजीएसनं पैसे पाठवताना बँक खाते क्रमांकावर पैसे टाकते, आपण लिहिलेलं नाव त्याच्याशी जुळवत नाही. मात्र एप्रिल २०२५पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. शाखेतही विचारा. नाव वेगळं निघालं की हात आखडता घ्या. लाजायचं कशाला, पैसे आपले आहेत.

आणि पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवतो. त्याआधी गाठलं तर रक्कम अडवता येते. आम्ही चौथ्या दिवशी फोन केला, तोवर खातं रिकामं होतं.

दुकानदाराचे पैसे आम्ही पुन्हा भरले, त्याची काय चूक? त्या दिवाळीला नफा वाटला नाही. बैठकीत दोघी-तिघींनी खजिनदारताईंकडे बोट दाखवलं. पण ती मेल आम्ही पाच जणींनी वाचली होती. आता खातं बदलल्याची मेल आली की एक जण फोन करते, दुसरी नाव तपासते, आणि दोघींच्या सह्या वहीत झाल्यावरच पैसे निघतात. ती वही खजिनदारताईंकडेच आहे.