जोर रोज, पण रोज सारखे नाहीत

घरात वजनकाटा असेल तर एक प्रयोग करून पाहा. जोर काढायच्या पवित्र्यात या, एक तळहात काट्यावर ठेवा आणि दुसऱ्या तळहाताखाली काट्याएवढ्याच जाडीचं पुस्तक घ्या. काट्यावरचा आकडा घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा आणि त्याची दुप्पट करा. हात सरळ असताना शरीराच्या वजनाचा साधारण ६९ टक्के भार हातांवर असतो. छाती जमिनीजवळ नेली की तो ७५ टक्क्यांपर्यंत चढतो. ७० किलोच्या माणसाच्या हातांवर वर असताना ४८ किलो, खाली गेल्यावर ५२ किलोंहून जास्त. गुडघे टेकवले तर हेच प्रमाण ५४ ते ६२ टक्क्यांवर उतरतं. व्यायामशास्त्राच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये ही मापं प्रसिद्ध केली. घरच्या काट्यावर दोन-तीन किलो इकडे-तिकडे होतील, इतकंच.

हे आकडे आधी सांगायचं कारण असं, की जोर म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती काढतोस?’ हाच असतो. गामा पैलवानाच्या हजारो दंडांच्या कथा ऐकत पिढ्या वाढल्या, आणि आता फोनवर महिन्याभरात शंभर पुशअपची आव्हानं फिरतात. माझ्या मते ‘किती’ हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, हातांवर भार किती येतोय. दुसरा, तो भार उचलताना शरीर कसं राहतंय. रोज जोर काढायचा निश्चय केलेल्या अनेकांची प्रगती महिन्या-दीड महिन्यात थांबते किंवा खांदा दुखायला लागतो, त्यामागे बहुतेक वेळा हा उलटा क्रम असतो.

ज्यांना जमिनीवर एकही नीट जोर निघत नाही त्यांना गुडघे टेकवायला सांगितलं जातं, बायकांना तर हमखास. मला त्यापेक्षा स्वयंपाकघरातला ओटा जास्त उपयोगाचा वाटतो. हात जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंचीवर ठेवले तर भार ४१ टक्क्यांच्या जवळ येतो आणि ३० सेंटीमीटरवर ५५ टक्क्यांच्या. ओटा त्याहून उंच, म्हणजे भार आणखी कमी. भिंत, मग ओटा, मग पलंगाची भक्कम कड, मग जिन्याची दुसरी पायरी आणि शेवटी जमीन, अशा पायऱ्यांनी उतरत गेलं तर प्रत्येक टप्प्यावर भार थोडाथोडा वाढतो. शिवाय टाचांपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत धरायची सवय पहिल्या दिवसापासून लागते. गुडघ्यांवरच्या जोरात नेमकं तेच निसटतं, कारण कमरेखालचा अर्धा भाग कामातून सुटतो.

ही रेषा महत्त्वाची. जोर हा हातांचा व्यायाम म्हणून ओळखला जातो, पण छातीचे मोठे स्नायू, दंडामागचा ट्रायसेप्स आणि खांद्याचा पुढचा भाग वजन ढकलत असताना पोट, कुल्हे आणि मांड्या ते शरीर ताठ धरून ठेवतात. कंबर झुकली की पोटाचं काम मणक्यावर पडतं. तळहात छातीच्या बाजूला, खांद्यांपेक्षा थोडे रुंद हवेत. कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांत. ती खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढली की खांद्याच्या सांध्यावर नको तो ताण येतो. मान पुढे काढून हनुवटीनं जमीन गाठायची नाही. छाती खाली गेली पाहिजे.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बाकावर पाठ टेकून बारबेल ढकलताना पाठीवरचे खवाटे बाकावर दाबलेले असतात. जोरात ते मोकळे असतात. खाली जाताना जवळ येतात, वर येताना बरगड्यांवरून पुढे सरकतात. त्यांना सरकवणारा आणि बरगड्यांना चिकटवून धरणारा स्नायू म्हणजे सिरेटस. डोक्यावर हात नेऊन माळ्यावरचा डबा काढताना खवाटा नीट फिरतो तो त्याच्यामुळे. म्हणून जोर वर आल्यावर, हात सरळ झाल्यानंतर, जमीन आणखी थोडी दूर ढकलायची. एवढ्या शेवटच्या बोटभर हालचालीत सिरेटसचं खरं काम आहे, आणि आकडा गाठायच्या घाईत पहिल्यांदा तीच गळते.

आपल्या तालमीतला जोर या पुशअपपेक्षा वेगळा. कंबर उंच, डोकं दोन्ही हातांच्या मध्ये, अशी सुरुवात. मग कोपरं वाकवत छाती जमिनीलगत पुढे सरकवायची, हात सरळ करत छाती आणि मान वर उचलायची आणि पुन्हा मागे कंबर उंच. सूर्यनमस्कारातल्या मधल्या तीन-चार स्थिती एका झोकात घेतल्यासारखी ही हालचाल आहे. खांदा यात जवळजवळ पूर्ण कक्षेत फिरतो, पाठीचा कणा वाकतो आणि उलगडतो. मनगटं दुखू नयेत म्हणून दोन विटा किंवा लाकडी हत्ते घ्यायची पद्धत फार जुनी. मूठ वळली की मनगट सरळ राहतं. दिवसभर संगणकावर बसणाऱ्या आणि तळहात जमिनीवर टेकताच कळ येणाऱ्या आजच्या माणसालाही हाच उपाय लागू पडतो. कमरेचं जुनं दुखणं असेल तर मात्र तालमीचा जोर टाळून सरळ पुशअपच बरा, कारण शेवटी येणारा मागचा बाक कमरेला सोसत नाही.

कोल्हापूरच्या तालमी आणि १९१२ चं खासबाग मैदान यांच्या रूपानं कुस्तीला राजाश्रय मिळाला. पुढे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर अशा संस्थांनी जोर-बैठका कुस्ती न खेळणाऱ्या घरांपर्यंत नेल्या. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत नेले. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले आणि देशी व्यायामाला ग्रंथात जागा दिली. या परंपरेचा अभिमान बाळगताना एक गोष्ट विसरली जाते. तालमीत जोर एकटे कधीच नव्हते. जोरांबरोबर बैठका होत्या, सपाट्या होत्या, मलखांब आणि दोर होता. हौद्यातली तांबडी माती खणायची, फावड्यानं ओढायची, उकरून पुन्हा सारखी करायची. जोर म्हणजे ढकलणं. दोर चढणं आणि माती ओढणं म्हणजे खेचणं. पोरांच्या छातीइतकीच पाठ भरायची ती या खेचण्यामुळे.

आज खोलीत सतरंजी टाकून फक्त जोर काढणाऱ्याच्या दिनक्रमातून हा दुसरा अर्धा भाग गायब असतो. आठ तास खुर्चीत पुढे वाकून बसायचं आणि उरलेल्या वेळात छातीचे स्नायू घट्ट करायचे, तर खांदे आणखी पुढे येणार. म्हणून माझा आग्रह असा, की जेवढे जोर तेवढंच खेचणं. पंधरा लिटरची बादली भरली की पंधरा किलोंचं वजन तयार. एक हात पलंगावर टेकून, पाठ सपाट ठेवून दुसऱ्या हातानं ती कमरेपर्यंत ओढायची. बागेत आडवा बार असेल तर त्याला नुसतं लटकण्यापासून सुरुवात करा. दाराला लावायचा बार घेतलात तर चौकट किती भक्कम आहे ते आधी पाहा.

आता ‘रोज’ या शब्दाकडे येऊ. कसून केलेल्या व्यायामानंतर स्नायूंत नवीन प्रथिनं बांधायचं काम साधारण एक ते दोन दिवस वाढलेल्या वेगानं चालू राहतं. रोज हात थरथरेपर्यंत जोर काढले तर हे बांधकाम पुरं व्हायच्या आतच पुन्हा मोडतोड सुरू होते. मग रोजची सवय चुकीची का? मुळीच नाही. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेची असते. तेच स्नायू मेंदूच्या हुकमाला जास्त संख्येनं आणि जास्त एकजुटीनं प्रतिसाद द्यायला शिकतात, आणि शिकण्यासाठी रोजचा थोडा सराव उत्तमच. उपाय साधा आहे. आठवड्यातले तीन दिवस कसून मेहनतीचे, मधले हलके. मेहनतीच्या दिवशीसुद्धा आणखी दोन निघाले असते असं वाटत असतानाच थांबायचं. हलक्या दिवशी एका वेळी, जास्तीत जास्त जितके निघतात त्याच्या निम्मे, आणि अशा फेऱ्या दिवसभरात विखरून. बारा निघत असतील तर सकाळी सहा, दुपारी सहा, संध्याकाळी सहा. एकूण अठरा झाले आणि एकदाही दमछाक झाली नाही.

असे विखुरलेले जोर रोजच्या कामाला जोडले तर टिकतात. चहाचं आधण ठेवलं की ओट्यावर जोर, हा त्यातला सगळ्यात सोपा मार्ग, कारण ओटा समोरच असतो आणि आधण रोज ठेवलं जातंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी रोजच्या छोट्या सवयी लावून घेणाऱ्या ९६ जणांचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ साधारण ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ दिवस पुरतील तर कुणाला २५४ लागतील एवढी त्यात तफावत होती. त्यातला मला सर्वांत धीर देणारा निष्कर्ष म्हणजे मध्येच एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. आजारपणात, प्रवासात, घरातल्या लग्नात दोन दिवस गेले म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू करायची गरज नाही.

जमिनीवर सलग वीस-पंचवीस जोर नीट निघायला लागले की संख्या वाढवत नेण्यात मजा वाटते. इथून पुढे मात्र ताकद कमी आणि दम जास्त वाढतो. दम वाढवायचा असेल तर खुशाल वाढवा. ताकद हवी असेल तर भार वाढवला पाहिजे. पाय ६० सेंटीमीटर उंचीवर ठेवले तर हातांवरचा भार वाढतो. पाठीवर पुस्तकं भरलेलं दप्तर अडकवता येतं. खाली जायला मनात चार आकडे मोजता येतात, आणि तळाशी क्षणभर थांबलं तर त्याच शरीराचं वजन दुप्पट वाटतं. स्पेनमधल्या एका अभ्यासात जोरांवर इलॅस्टिक पट्ट्यांचा ताण चढवून तो बाकावरच्या बारबेलइतका केला, तेव्हा पाच आठवड्यांत दोन्ही गटांची ताकद सारखीच वाढली. जिमची फी परवडत नाही म्हणून छाती-दंड कमावता येत नाहीत, असं म्हणणाऱ्या मुलांना मी हा अभ्यास आवर्जून सांगतो.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ११०४ अग्निशमन जवानांचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला आणि जगभर गाजला. चाळीसहून जास्त पुशअप काढणाऱ्यांना, दहाहून कमी काढणाऱ्यांच्या तुलनेत, पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका ९६ टक्क्यांनी कमी दिसला. यावरून ‘चाळीस जोर काढा, हृदय वाचवा’ असे संदेश फिरले, ते योग्य नव्हेत. अभ्यासातले सगळे पुरुष होते, दहा वर्षांत हृदयविकाराच्या घटना एकूण ३७ होत्या, आणि चाळीस जोर काढू शकणारा माणूस आधीच वजनानं आटोपशीर आणि हालचाल करणारा असतो. जोरांची संख्या त्या एकूण तब्येतीची खूण होती. खूण म्हणूनही ती मोलाची आहे, कारण ती मोजायला ना यंत्र लागतं ना पैसे.

धोक्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पैजेखातर एकदम शंभर-दोनशे जोर काढले तर स्नायू इतके फुटतात की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांवर येतं. दंड सुजले, हात सरळ होईनात आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी शेक घेत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्तदाब असलेल्यांनी वर येताना श्वास कोंडू नये, तोंडानं सोडावा. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा हात वर जाईनासा झाला असेल तर आधी खांद्याचा इलाज, मग जोर.

खुराकाचं म्हणाल तर पैलवानाचं दूध-बदाम-तूप तासन्‌तास मेहनत करणाऱ्याचं आहे, दिवसाला चाळीस जोरांचं नव्हे. प्रथिनं मात्र बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज ५० ग्रॅम. वाटीभर पातळ आमटी आणि पोळ्यांवर ते भरत नाहीत. उसळ घट्ट हवी, शेंगदाणे हवेत, दही हवं, खात असाल तर अंडी हवीत.

गावोगावच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना जोरांचा उपयोग गोळाफेकीत होतो. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोंचा, स्त्रियांचा चार किलोंचा. तो ढकलायला पाय आणि कंबर आधी लागतात, पण शेवटचा झटका छाती आणि ट्रायसेप्सचाच असतो, आणि त्याला वेग हवा. संथ पन्नास जोर काढून वेग येत नाही. पलंगाच्या उंचीवर हात ठेवून, हळू खाली जाऊन झटक्यानं वर यायचं, इतकं की तळहात क्षणभर सुटतील. असे पाच, मग दोन-तीन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच. आठवड्यातून दोनदा, गोळाफेकीच्या सरावाच्या आधी, हात ताजे असताना. कंबर झुकायला लागली की त्या दिवसापुरतं थांबायचं, मग ती पहिली फेरी का असेना.