हिंगण्याच्या कारभारणी

देवरुखच्या जोशी घराण्यातल्या पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात एक मुलगा, केशवपन झालेले, आणि पुढचे सारे आयुष्य माहेरी राबण्यात काढायचे हे गृहीत धरलेले. सव्विसाव्या वर्षी त्या पुण्याला बहिणीकडे आल्या आणि त्या वयात त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे १९१८ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, याच बाई इंग्रजी शिकायचे आणि जमेल तेवढा निधी आणायचा म्हणून एकट्या अमेरिकेला गेल्या. गाठीशी पैसा नव्हता. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले आणि १९२० साली परत येऊन पुन्हा आपल्या संस्थेच्या कामाला लागल्या. ही संस्था म्हणजे हिंगण्याचा अनाथ बालिकाश्रम, आणि त्यांची बहीण म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे.

हिंगणे म्हटले की आपल्याला धोंडो केशव कर्वे आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण सव्वाशे वर्षांनंतरही उभ्या असलेल्या या संस्थेकडे कर्व्यांच्या त्यागाची कथा म्हणूनच पाहिले, तर तिच्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हातून निसटते. आश्रमात आधार मागायला आलेल्या बायकाच थोड्या वर्षांत आश्रम चालवू लागल्या. महाराष्ट्रातल्या शेकडो संस्था आज वारसाच्या शोधात आहेत. त्यांनी हिंगण्याकडे पाहावे असे मला वाटते ते याच कारणासाठी.

या आश्रमाला पार्श्वभूमी होती ती एका मोडलेल्या विश्वासाची. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. त्याच वर्षी कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. विधवांच्या शिक्षणाची सोय हवी आणि समाजाला तिचा भरवसाही वाटला पाहिजे, अशा कोंडीतून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. कर्व्यांनी स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये घातले. अध्यक्षपद डॉ. भांडारकरांनी घेतले.

कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाने पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करायचे, ही तिथली शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. पुण्यात प्लेग आला आणि १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. तेव्हा कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी तीन-चार मैल चालत हिंगण्याला जात. शहरातून लागणारे जिन्नस बरोबर नेत, रात्री शिकवत आणि सकाळी परत पुण्याला येत. वाट धड नव्हती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायांना सोडत नसे.

ही पायपीट प्रत्येक चरित्रात येते, शाळेच्या धड्यातही येते. बायांचे हाल मात्र कुणी फारसे सांगत नाही. नवरा आश्रमात, घर आणि मुले पुण्यात त्यांच्या एकटीच्या गळ्यात, आणि घरातला पैसा आश्रमाच्या पेटीत. ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मकथनात त्यांनी हे सारे मोकळेपणाने लिहिले आहे. स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून त्या नागपूरला सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या. समाजसेवकाच्या घराने मोजलेली किंमत संस्थेच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. स्वयंसेवी कामाचा इतिहास लिहिताना ती बाजूला ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पार्वतीबाई, काशीबाई देवधर, वेणूबाई नामजोशी या आश्रमात शिकायला आलेल्या विधवा. शिकता शिकता त्या शिकवू लागल्या. १९०२ च्या सुमारास पार्वतीबाईंकडे आश्रमाची देखरेख आली आणि मग वर्गणी गोळा करण्याचे कामही. त्या काळी अनोळखी गावात उतरायचे, ओळखीचे घर शोधायचे, बायकांना जमवायचे, त्यांच्यासमोर बोलायचे आणि झोळी पसरायची, हे सारे एका विधवा बाईने करणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. पार्वतीबाईंनी बराच काळ मुद्दाम केशवपनाची चाल सोडली नाही. सोवळ्या घरांची दारे त्या वेशालाच उघडत होती. १९१२ च्या सुमारास त्यांनी ती चाल सोडली. बहिणीने पुनर्विवाह केला होता, पार्वतीबाईंनी स्वतः तो नाकारला. कर्व्यांची सगळी मते त्यांना पटत होती असे नाही, पण संस्थेची झोळी त्यांच्याच खांद्यावर होती.

देणगी मागायला कर्वे जात तेव्हा लोकांना एक सज्जन प्राध्यापक दिसत असे. पार्वतीबाई जात तेव्हा आश्रम काय घडवतो ते समोर उभे असे. घराघरांतल्या बायकांना जे प्रश्न कर्व्यांना विचारता आले नसते, ते त्या पार्वतीबाईंना विचारत. मुलगी तिथे सोवळ्याओवळ्याचे काय करते, तिला कुणी भरीला तर घालणार नाही ना, शिकून तिचे पोट भरेल का? उत्तर देणारी बाई त्या सगळ्यातून गेलेली होती. पगारी प्रचारकाला किंवा दयाळू अध्यक्षाला हे साधत नाही.

कर्व्यांचे मोठेपण मला दिसते ते इथे. ही ताकद त्यांनी ओळखली आणि तिला संस्थेच्या घटनेत जागा करून दिली. १९०८ साली त्यांनी निष्काम कर्ममठ काढला. सभासदाने आपले आयुष्य कामाला वाहायचे आणि त्याच्या निर्वाहाची काळजी संस्थेने घ्यायची, अशी ही योजना. गोखल्यांचा भारत सेवक समाज तीनच वर्षे आधी, १९०५ साली, अशाच प्रतिज्ञेवर उभा राहिला होता. पण तिथले सेवक पदवीधर पुरुष, देशाच्या सेवेसाठी बाहेरून खाली उतरलेले. मठात मात्र आश्रमात शिकून तयार झालेल्या बायका पुरुषांच्या बरोबरीने बसल्या. दयेवर राहणारी विधवा आणि प्रतिज्ञा घेतलेली सभासद यांच्यातले अंतर फार मोठे आहे. पहिलीला जेवण मिळते, दुसरीला मत असते. १९१५ साली आश्रम, कर्व्यांचेच महिला विद्यालय आणि मठ एकत्र झाले, आणि पुढच्याच वर्षी कर्वे महिला विद्यापीठाच्या उद्योगाला लागू शकले. संस्थापकाने दुसरे काम हाती घेतले म्हणून हिंगण्याचे दिवे विझले नाहीत.

या चित्रातली मोठी उणीव सांगितलीच पाहिजे. आरंभीचा आश्रम ब्राह्मण विधवांसाठी होता, आणि समाजाचा विश्वास टिकावा म्हणून कर्व्यांनी विधवाविवाहाची चळवळ त्यापासून दूर ठेवली. दुसरी गोष्ट मी डावपेच म्हणून समजू शकतो. पहिलीचे समर्थन करता येत नाही, कारण याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी जातीची अट न घालता काम करून दाखवले होते. आश्रम निघाल्यावर वर्षभरातच, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. विठ्ठल रामजी शिंद्यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चे. कर्व्यांनी स्वतः समता संघ काढला तो १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. फार उशिरा, पण काढला.

सेवेची दुसरी एक रीत याच काळात मुंबईत रुजत होती. भारत सेवक समाजाचे सदस्य ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. नोकरीधंदा सांभाळून गिरणगावातल्या चाळींमध्ये रात्रशाळा चालवणे, वाचनालयाची पुस्तके वस्तीत नेणे, दवाखाने काढणे असे हे काम होते. परळचे दामोदर नाट्यगृह लीगचेच होते. जोशींना या कामातून कामगार जवळून दिसला आणि १९२० साली आयटक ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांत ते पुढे होते. कामगाराला रात्री अक्षरओळख करून देणाऱ्याला, दिवसा त्याची मजुरी किती आणि तास किती, हा प्रश्न टाळता आला नाही. सेवा मनापासून केली की ती हक्काच्या प्रश्नापर्यंत पोहोचतेच, असे माझे मत आहे.

कर्व्यांच्या कामाचा धागा मला सर्वांत अनपेक्षितपणे भेटला तो पुण्याच्या कचऱ्यात. त्यांनी १९१६ साली सुरू केलेले महिला विद्यापीठ पुढे एसएनडीटी झाले. त्याच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या नव्वदीच्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचल्या. शिकवायला गेलेल्यांना तिथे आधी मजुरीचा आणि मानाचा प्रश्न भेटला. बाबा आढावांसारख्यांची साथ मिळाली आणि १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीने पहिल्यांदा मिळवले ते ओळखपत्र. उकिरड्यावरून चोर म्हणून हाकलली जाणारी बाई आता कार्ड काढून दाखवू लागली. या पंचायतीतून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. ही संस्था कचरावेचकांच्याच मालकीची आहे आणि तिच्या संचालक मंडळात त्या स्वतः बसतात. शिकलेल्या कार्यकर्त्या सोबत आहेत, पत्रे लिहितात, महापालिकेशी बोलणी करतात, पण खुर्ची कुणाची हे ठरलेले आहे. पार्वतीबाईंना हे बघून आनंद झाला असता.

आता आपल्या आसपासच्या संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा आठवून पाहा. नोटिशीत शेवटची ओळ असतेच: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच जागी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. अर्धा तास चहा होतो. मग पंधरा माणसे मागील सभेचे इतिवृत्त कायम करतात, जमाखर्च मंजूर करतात, हिशेबतपासनीस नेमतात आणि कार्यकारिणी बिनविरोध निवडून येते. अध्यक्ष तेच, सरचिटणीस तेच, खजिनदार गेल्या वर्षी वारले म्हणून त्यांचे चिरंजीव. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्या मुली, ते रुग्ण, ते वाचक त्या खोलीत नसतात. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा, आपला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो वेळेवर जात नाही, गेलाच तर त्यावर हरकत येते, आणि भांडण सुरू होते. मला अशी एक चांगली संस्था माहीत आहे जिथे संस्थापक गेल्यावर दोन गटांचे दोन बदल अर्ज दाखल झाले आणि बँकेने खाते गोठवले. वसतिगृहाचे दूधवाल्याचे बिल थकले. तिथल्या मुलींना काय हवे होते, हे कुणी विचारले नाही. त्यांना मतच नव्हते.

‘तरुण येत नाहीत’ ही तक्रार मी सगळीकडे ऐकतो. ती अर्धीच खरी आहे. श्रमदानाला तरुण येतात, पुराच्या वेळी येतात, शिबिरात घाम गाळतात. त्यांना बोलावले जाते ते सतरंज्या घालायला आणि फोटोसाठी. हिशेबाची वही कुणी त्यांच्या हाती देत नाही. दोन वर्षे सतरंज्या घातल्यावर ते निघून जातात, आणि संस्था म्हणते, निष्ठा राहिली नाही. कर्व्यांनी शिकणाऱ्या विधवेच्या हाती आश्रमाचा कारभार दिला तेव्हा तिच्याकडे ना पदवी होती, ना अनुभव. तिला चुका करू द्यायची तयारी त्यांच्याकडे होती.

दुसरी अडचण पैशाची. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यातून चांगली कामे झाली आहेत. पण अशा निधीला मुदत असते, उद्दिष्ट असते, तिमाही अहवाल असतो. त्यामुळे संस्थेचा सगळ्यात हुशार माणूस अहवाल लिहिण्यात अडकतो आणि वर्गणीसाठी घरोघर फिरणे थांबते. घरोघर फिरण्यात पैसा थोडा मिळतो. पण कोण काय म्हणते, लोकांचा विश्वास कुठे उडाला आहे, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. पार्वतीबाईंच्या फेऱ्यांचे मोल जमलेल्या रकमेपेक्षा जास्त होते ते यासाठी.

हिंगण्याची संस्था, आजची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था, अजूनही दिवाळीत भाऊबीज निधी गोळा करते. स्वयंसेवक ओळखीच्या घरी जातात, पावती फाडतात. हा अंक तुमच्या हाती असताना कदाचित असाच कुणी तुमच्या दाराशी येईल, हिंगण्याचा किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेचा. ओवाळणी जरूर घाला. आणि पावती घेताना एवढे विचारा: ज्यांच्यासाठी हा पैसा आहे त्यांच्यापैकी किती जण तुमच्या कार्यकारिणीवर आहेत? तुम्ही स्वतः एखाद्या संस्थेचे पदाधिकारी असाल, तर येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी त्यांच्यापैकी किमान दोघांना रीतसर सभासद करून घ्या आणि जमाखर्चाची वही त्यांच्यासमोर उघडा.